अल्पदाबाच्या विजेंतील उसळ्या

शालेय विज्ञानप्रदर्शनांत अलीकडे एक प्रयोग हमखास दृष्टीस पडतो. कुंडींतील माती कोरडी झाली कीं लहानसा पंप आपोआप सुरू होतो व माती भिजली कीं थांबतो. कल्पना उत्तम, मांडणीहि सुबक. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, पंप सुरू होतांना वा थांबतांना त्यावर देखरेख करणारा आर्डुइनो बोर्ड भांबावतो आणि आपलें काम पुन्हां पहिल्यापासून आरंभितो. मग विद्यार्थी प्रोग्रॅममध्यें दोष शोधूं लागतात व पालक दुसरा बोर्ड विकत आणून देतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशांतलाच हा प्रकार. आमच्या मतें दोष बहुधा वीजपुरवठ्यांत असतो, आणि त्याचें निवारण थोडक्या रुपयांत होण्यासारखें आहे.

या दोषाचें मूळ जुनें आहे. विजेरीला जोडलेलें तारेचें वेटोळें तोडतांना हाताला झटका बसतो, ही गोष्ट विल्यम जेन्किन यांनीं मायकेल फॅरडे यांच्या नजरेस आणिली, आणि १८३४ सालीं फॅरडे यांनीं तिचा कसून शोध घेतला. वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह आपल्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण करून त्यांत शक्ति सांठवितो. प्रवाह एकाएकीं तोडला म्हणून ती शक्ति नाहींशी होत नाहीं. ती क्षणार्धांत बाहेर पडूं पाहते, आणि पांच व्होल्टांच्या मंडलांत शंभराहून अधिक व्होल्टांची उसळी येऊं शकते. पंपाची मोटर व रिले या दोहोंच्या पोटांत असें वेटोळें असतेंच. आणि आर्डुइनो उनोवरील मुख्य चिपला तर सहा व्होल्टांपलीकडे दाब कदापि लागूं नये, असें तिचे निर्मातेच बजावतात!

यावर उपाय एका डायोडचा. तो वेटोळ्याच्या दोन टोंकांना उलटा जोडावयाचा, म्हणजे त्यावरील पट्टा धन बाजूस येईल असा. एरव्हीं तो स्वस्थ बसून असतो. प्रवाह तुटला कीं सांठलेल्या शक्तीला वेटोळ्यांतच फिरून जिरण्याची वाट देतो. उसळी मग पुरवठ्याच्या दाबाहून सुमारें एक व्होल्टच वर जाते. लहान पंपाला वन-एन-४००७ हा सर्वत्र मिळणारा डायोड पुरतो. रिलेचा तयार संच घेतल्यास त्यावर असा डायोड बहुधा असतोच. पंपाला मात्र कोणी बसवीत नाहीं. (मोटर दोन्ही दिशांनीं फिरवावयाची असेल तर हा एकटा डायोड चालणार नाहीं.) ब्रशांतून सतत उडणाऱ्या बारीक ठिणग्यांसाठीं ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर मोटरीच्याच टोंकांवर डाख लावून बसवावा.

येथें कोणी म्हणेल, मोठा ॲडॅप्टर आणला कीं झालें. आम्हांस हें पटत नाहीं. सुरू होतांना पंप नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि तो लांब व बारीक तारेंतून येत असला तर दाब वाटेंतच खचतो. विहीर तुडुंब भरलेली असली तरी स्वयंपाकघरांत रांजण लागतोच ना? म्हणून ४७० मायक्रोफॅरडचा मोठा कंडेन्सर वीज मंडलांत शिरते तेथें ठेवावा, त्याची ऋण बाजू नीट ओळखून, कारण उलटा जोडल्यास तो फुटूं शकतो, आणि ०.१ मायक्रोफॅरडचा लहान कंडेन्सर प्रत्येक चिपच्या अगदीं पायांशीं. मध्यें वीतभर तार सोडली तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! पंपाच्या व बोर्डाच्या तारा पुरवठ्यापासूनच वेगळ्या न्याव्या. परतीची तार दोघांना एकच ठेवली, तर पंपाचा प्रत्येक हिसका बोर्डाला भोगावा लागतो. ॲडॅप्टर उघडण्याच्या फंदांत मात्र मुलांनीं मुळींच पडूं नये. त्याच्या आंत २३० व्होल्ट असतात.

परीक्षकांस एक विनंति आहे. रंगीत पुठ्ठे व सुंदर अक्षर पाहून झाल्यावर त्यांनीं प्रत्येक पंप लागोपाठ वीस वेळां चालूबंद करवून पाहावा, आणि बोर्ड एकदांहि भांबावला नाहीं तर त्याचे गुण वेगळे द्यावेत.