पाचट कोणाचे, पुण्य कोणाचे?

नैसर्गिक शेतीचा विषय निघाला की आमच्या लिहित्या-वाचत्या वर्गाची वाणी हळवी होते. देशी गाय, शेणखत, पूर्वजांचे शहाणपण. आणि हल्ली त्यांच्या जोडीला हवामानबदल. शेतकऱ्याने रसायने सोडावीत, पाचट जाळू नये, मातीत कर्ब साठवावा, म्हणजे पृथ्वीचा ताप उतरेल! या उपदेशातील विज्ञान आम्हांस बहुतांशी मान्य आहे. आक्षेप आहे तो त्याच्या हिशेबाला.

पिकाला न लागलेल्या युरियाच्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या मोजमापात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. (शेणखतातूनही तो निघतो, हे आमचे हळवे मित्र सांगत नाहीत.)

आता उसाचा फड पाहू. तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट मागे राहते. ते राखले तर ओल टिकते, माती सुधारते. मग शेतकरी काडी का लावतो? त्याला हे कळत नाही असे समजणे हा निव्वळ शहरी उद्धटपणा झाला. पाचट सरीत दाबायला, बुडखे छाटायला माणसे लागतात; पाटाचे पाणी अडते; उंदीर माजतात. शिवाय ते लवकर कुजावे म्हणून टनामागे आठ किलो युरिया टाकण्याची शिफारस शेतीतज्ज्ञच करतात. रसायनमुक्तीच्या कीर्तनात हे कडवे कोणी म्हणत नाही.

युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण उरलेला भार सरकार उचलते. खतांच्या अनुदानावर वर्षाला दीड लाख कोटींहून अधिक खर्च होतो. २०२४ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाची एकूण तरतूद होती २,४८१ कोटी. एवढ्या तफावतीनंतरही पाचट जाळणाऱ्यालाच दोष देणाऱ्यांच्या निबरपणाचे आम्हांस नवल वाटते. आणि अनुदान एका रात्रीत काढून घ्या, असेही आम्ही म्हणत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पन्न घसरले आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या मंडळींनी पुन्हा उघडावा. डोंगरावरचा कुजका पालापाचोळा पावसाबरोबर शेतात उतरतो, तेच खत, हे जोतीरावांना ठाऊक होते. पण शेतकऱ्याला माती सांभाळण्याचा उपदेश करून ते थांबले नाहीत. सरकारने लष्करातल्या व पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे त्यांनी बजावले. माती राखण्याची मजुरी सरकारच्या खात्यावर मांडण्याचे हे धैर्य आजच्या पर्यावरणप्रेमी गद्यात आम्हांस क्वचितच आढळते.

येत्या हंगामातही फडांवर धूर दिसेल. त्याच्याकडे बोट दाखवण्यापूर्वी एक एकर पाचट स्वतः सरीत दाबून पाहावे. उसाचे पाते हाताला कसे कापते, तेवढे तरी कळेल.