सिल्वासा, गनिमी तुकड्या आणि आपण

आम्हा सिन्नर-नाशिककडच्या पब्लिकसाठी सिल्वासा म्हणजे पेठमार्गे गाठायचा वीकएण्ड. रिसॉर्ट, दुधनीचं पाणी आणि शेजारच्या गुजरातेत न मिळणारी 'सोय'. पण 1954 साली तिथं गनिमी तुकड्या घुसल्या होत्या आणि त्या आपल्याच होत्या, हे किती जणांना माहीत असतं?

दादरा-नगर हवेली तेव्हा पोर्तुगीजांची, चहूबाजूंनी भारत. 22 जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतलं; चौकीवरचा अधिकारी अनिसेतो रोझारिओ मारला गेला. 2 ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. कम्युनिस्टही मोहिमेत होते, आणि हो, आपले सुधीर फडकेसुद्धा!

आता गंमत बघा. यातले बरेच जण बाहेरून आलेले. वर दमणहून कुमक न्यायला भारताने पोर्तुगालला वाट दिली नाही. उद्या शेजारच्या देशाने आपल्याशी असं केलं तर आपण काय म्हणू? घुसखोरीच ना? मग आपला तो मुक्तिसंग्राम आणि दुसऱ्याचा तो दहशतवाद, असं कसं चालेल?

फरक आहे, पण तो 'आपले' असण्यात नाही. एक तर समोर लोकांना न विचारता चालणारी वसाहत होती. दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे पुढे काय झालं. तिथं बंदूकवाल्यांचं राज्य बसलं नाही. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे गेला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 12 एप्रिल 1960 चा निकाल असा: नागरिक आणि मालाला वाटेचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रांना नव्हता, भारताने कर्तव्य मोडलेलं नाही. 11 ऑगस्ट 1961 ला प्रदेश भारतात विलीन झाला.

म्हणजे चौकी घ्यायला एक रात्र, पण प्रश्न सुटायला 7 वर्षं. बहुतेक सशस्त्र गट या दुसऱ्या भागात फसतात. डोनेत्स्कमध्ये 2014 साली रशियाच्या पाठबळावर अशाच गटांनी 'प्रजासत्ताक' जाहीर केलं. बंदुका काही खाली गेल्या नाहीत, आणि 2022 मध्ये पूर्ण युद्ध पेटलं.

म्हणून कुठल्याही तुकडीसाठी टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. बंदूक खाली कधी ठेवणार? आणि तिथल्या माणसाला विचारलंय का? दादरा-नगर हवेलीत बहुसंख्य लोक आदिवासी, पण या लढ्यातली आपल्याला ठाऊक असलेली नावं मुंबई-पुण्याची नाहीतर गोव्याची. पहिल्या प्रश्नात आपण पास झालो. दुसऱ्यात मात्र जरा चाचरायलाच होतं.