भंगारातील गाडी आणि मिस्त्रीचा हात

झरी जामणी तालुका हे यवतमाळ जिल्ह्याचे शेवटचे टोक. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. मोटारींच्या शौकाची चर्चा इकडे कोण करणार, असे आम्हालाही वाटत होते. परंतु मागे मुकुटबनच्या वाटेवर एका टिनाच्या शेडमध्ये चहा घेत असताना काही तरुण शौकिनांच्या गप्पा कानी पडल्या. विषय होता जर्मनीची पोर्शे 911. ही गाडी 1963 साली जगापुढे आली आणि 1998 पर्यंत तिचे इंजिन हवेवर थंड होत होते. पुढे धूर आणि आवाजाचे नियम कडक झाले, कंपनीने पाण्यावर थंड होणारे इंजिन बसवले, आणि जुन्या हवावाल्या गाड्यांचे भाव चढू लागले. आज जगभरचे शौकीन त्यांच्यासाठी अफाट दाम मोजतात.

चर्चा रंगली होती आणि शेडचा उस्ताद मात्र खाली मान घालून एका आरएक्स 100 चे हेड खोलत होता. आमच्या मनात आले, ज्या मालाची ही पोरे वाखाणणी करीत आहेत, त्याच जातीचा माल तर या उस्तादाच्या पुढ्यात पडला आहे!

यामाहाची आरएक्स 100 आपल्या देशात 1985 ते 1996 या काळात बनली. अठ्ठ्याण्णव सीसी, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी. आकुर्डीची बजाज चेतक 1972 ची, तीही हवेवरच. फक्त तिच्या इंजिनाला पंखा वारा घालतो. म्हैसूरची येझदी 1996 मध्ये बंद पडली. या गाड्यांत ना रेडिएटर, ना पाण्याचा पंप, ना होज पाईप. सिलिंडरच्या पात्यांवरून वारा गेला की इंजिन थंड. म्हणूनच खेड्यातील मिस्त्री मोजक्या पान्यांवर त्या दुरुस्त करू शकला. आज चांगल्या स्थितीतील आरएक्सला नव्या गाडीच्या तोडीचा भाव सांगितला जातो. आणि आपल्याकडे? कोठ्यात पडलेली गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते आणि लोखंडाच्या भावात विकली जाते.

प्रश्न असा आहे की, हा भाव निर्माण कोण करतो? दलाल गाडी उचलतो, शौकीन पैसा मोजतो. पण क्रँक प्रेसवर खोलून नवा रॉड टाकणे, तो सेंटरला आणणे, बोरिंग करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन बसवणे, पॉईंटचे अंतर जुळवणे, कार्बोरेटरचा आवाज कानाने ओळखणे, हे काम मिस्त्री आणि लेथवाल्याचे आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या. त्यांचे दुखणे स्कॅनर सांगतो. जुन्या इंजिनाचे दुखणे सांगणारा कान हा उस्तादाचाच. हे शागीर्द शिकले नाहीत तर दहा-पंधरा वर्षांनी गाडी असेल, गिऱ्हाईक असेल, हात मात्र नसेल. आणि इतके असूनही उस्तादाला मिळते ती दिवसाची मजुरी. नफ्यात त्याचा वाटा नाही.

यात दोष सर्वस्वी दलालाचा नाही. आपण हिशेब ठेवत नाही, हा आपला दोष आहे. म्हणून कारागीर बांधवांना आमचे काही सांगणे आहे.

पहिले, काम रोजावर घेऊ नका, ठेक्याने घ्या. इंजिन, वायरिंग, रंग यांचे दर वेगळे ठरवा, सुट्या भागांसाठी अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि सारे कागदावर उतरवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही ताकीद आपल्याला नवी नाही.

दुसरे, काढलेला मूळ भाग फेकू नका. खरा शौकीन मूळ कार्बोरेटर आणि मूळ टाकीसाठीच जास्त दाम देतो. कोणता भाग मूळ आणि कोणता बदललेला, याची यादी गाडीसोबत द्या. ऐब लपवून विकलेली एक गाडी दहा गिऱ्हाइके तोडते.

तिसरे, कागद पाहिल्याशिवाय गाडीला हात लावू नका. इंजिन व चेसिसचा नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे. नंबर घासून नवा ठोकून देण्याची गळ कोणी घातली तर त्याला तिथूनच परत पाठवा; तो सरळ गुन्हा आहे आणि पोलीस आधी ठोकणाऱ्याचा हात धरतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. 2022 मध्ये दुचाकीसाठी ही फी 300 वरून 1000 रुपये झाली आणि पुढे आणखी जुन्या गाड्यांवरील बोजा वाढला, म्हणून सौद्याआधी ताजा दर विचारून घ्या. गिऱ्हाईक नदीपलीकडचे असेल तर आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, आणि नावावर करण्याचे 29 व 30 नंबरचे फॉर्म झाल्याशिवाय चावी देऊ नये.

काही जण आरएक्सला 'विंटेज' म्हणून खपवतात. कायद्याने 2021 पासून पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीलाच तो मान आहे. सर्वांत पहिली आरएक्ससुद्धा 2035 आधी त्यात बसणार नाही; आणि विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालतही नाही.

व्यापारी बांधवांना एक इशारा. गोदामात दहा गाड्या भरून भाव चढण्याची वाट पाहू नका. एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि नुसत्या बुकिंगवर 'ऑन' चाले. परवान्यांचे राज्य गेले, माल मुबलक झाला आणि तो 'ऑन' कुठल्या कुठे गेला. टंचाईतून आलेला भाव टंचाईबरोबर जातो. शौकातून आलेला भाव शौक बदलला की उतरतो. हुन्नराचे तसे नाही. भाव चढो की पडो, बंद गाडी चालू करणाऱ्याला काम मिळतेच.

तेव्हा भांडवल गाड्यांत अडकवण्यापेक्षा एखादा चांगला क्रँक प्रेस, लेथ आणि दोन होतकरू शागीर्द यांत घाला. तालुक्याच्या गावी दोन-तीन मिस्त्री, एक लेथवाला आणि एक पेंटर मिळून काम करू लागले, तर नागपूर-हैदराबादचे गिऱ्हाईक इथवर येईल. गाडी त्याची असेल, शौकही त्याचा असेल. पण रोजी आपल्या घरात येईल. उस्तादांनी आता मान वर करून आपला दर सांगावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.