माडबनच्या सड्यावरून

दिवाळीच्या अंकात कटू विषय नको, असं काही स्नेह्यांनी सुचवलं होतं. पण विजेची गरज जशी खरी, तसा तिच्यासाठी कुणी काय गमावायचं हा प्रश्नही खरा. तो सणापुरता बाजूला ठेवणं आम्हाला जमलं नाही.

राजापूर तालुक्यातला माडबनचा सडा सरकारदरबारी ओसाड ठरला. भाद्रपदात तिथे उभं राहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुललेली असतात, गुरं चरत असतात. उतारावर हापूस-काजूच्या बागा, पलीकडे साखरी नाट्याच्या होड्या. इथे १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारायचा बेत आहे, एकूण ९९०० मेगावॉट. एका जागी एवढं मोठं अणुवीज केंद्र आज जगात कुठेही नाही. भट्ट्या थंड करून तापलेलं पाणी परत समुद्रात सोडणार, म्हणून मच्छीमार धास्तावले आहेत.

नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढच्याच मार्चमध्ये फुकुशिमाला भूकंप आणि त्सुनामीने वीजपुरवठा तोडला, तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं आणि दीड लाखाहून अधिक माणसांना घरदार सोडावं लागलं. ती दृश्यं डोळ्यांसमोर असतानाच, १८ एप्रिल २०११ रोजी, प्रकल्पविरोधी आंदोलनावरच्या गोळीबारात साखरी नाट्यात एका तरुणाचा बळी गेला.

तिकडे फुकुशिमाच्या भट्ट्यांत वितळलेलं इंधन आणि त्यात मिसळलेला राडा मिळून सुमारे ८८० टन भरेल असा अंदाज आहे. त्यातला पहिला नमुना बाहेर यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. यंत्राच्या लांब दांड्याने उचललेला तो खडा एक ग्रॅमही भरला नाही.

अणुवीज धूर ओकत नाही, हे मान्य. तापत्या हवामानाच्या काळात या मुद्द्याला वजन आहे, तो उडवून लावणं बरोबर नाही. पण वापरलेलं इंधन मागे उरतंच. त्यातल्या प्लुटोनियम-२३९ची किरणोत्सारिता निम्म्यावर यायलाच सुमारे २४,००० वर्षं लागतात. इकडे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना धड पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कोर्टाची पायरी चढावी लागली. उठवलेल्या गावाला दिलेला शब्द ज्यांना पाळता येत नाही, त्यांच्या हजारो वर्षांच्या हमीवर आमचा विश्वास नाही.

कोकणात पावसाळ्यात एक दरड आली की घाट बंद पडतो; अशा वेळी गावं हलवायची कशी? म्हणून दिवाळीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना आमची विनंती आहे. ग्रामसभेत उभे राहा आणि दोन गोष्टी लेखी मागा. अपघात झालाच, तर गाव कोणत्या रस्त्याने, कुठे हलवणार? आणि वापरलेलं इंधन कुठे, किती काळ, कोणाच्या जबाबदारीवर ठेवणार? याचं उत्तर मराठीत, सहीशिक्क्यासह हातात पडेपर्यंत संमती देऊ नका.