थोडं अ‍ॅडजस्ट कर



नामपूरच्या स्टँडवर सटाण्याची गाडी भरली की दोघींच्या बाकाजवळ तिसरी येऊन उभी राहते आणि म्हणते, "ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना." आपण सरकतो. पुढच्या एखाद्या फाट्यावर ती उतरते, आपण पुन्हा ऐसपैस बसतो. यात वावगं काहीच नाही. ती विनंती आहे, बरोबरीच्या बाईने केलेली आहे, तिला मुदत आहे. उद्या उभं राहायची वेळ आपल्यावर आली तर आपणही हेच म्हणू.

त्याच दुपारी हाच शब्द सल्ला केंद्राच्या सतरंजीवर ऐकू येतो. मुलगी माहेरी येऊन तीन महिने झालेले असतात. सासरची माणसं समोर बसलेली असतात. मारहाण झाली हे कुणी फारसं नाकारत नाही. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, तिनेही थोडं अ‍ॅडजस्ट करायला पाहिजे," असं सासरे म्हणतात. पोरीची आई मान खाली घालून अहिराणीत म्हणते, "माय, आते अ‍ॅडजस्ट करी ले." दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं असतं आणि ते एका इंग्रजी क्रियापदावर झालेलं असतं. त्या घरांत इंग्रजी कुणी बोलत नाही.

या अंकाचं संपादकीय एका शब्दावर का, असं काही जणींना वाटेल. शब्दाचा कीस काढणं हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं काम, असा टोमणा आपल्या चळवळीने बराच ऐकला आहे. पण १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली तेव्हा 'नवऱ्याने टाकलेली' या शब्दाऐवजी दुसरा शब्द वापरण्याचाही तो लढा होताच. टाकलेली म्हटलं की दोष तिच्याकडे जातो. म्हणून गावात जो शब्द चालतो त्याकडे बघायला हवं.

हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'जवळ, लगत' असा आहे. एका वस्तूला दुसरीच्या लगत नीट बसवणं, थोडंसं फिरवून, थोडंसं घट्ट किंवा सैल करून. म्हणून मेकॅनिक ब्रेक अ‍ॅडजस्ट करतो. शिवणाऱ्या ताई ब्लाऊजची शिवण उसवून तो अंगाला अ‍ॅडजस्ट करतात, अंग कापून ब्लाऊजला बसवत नाहीत. या सगळ्या ठिकाणी करणारा वेगळा आणि ज्याला करायचं ती वस्तू वेगळी. पान्याने नट फिरतो. सुनेला सांगितलं जातं तेव्हा पानाही तीच आणि नटही तीच. काय अ‍ॅडजस्ट करायचं, किती, कधीपर्यंत, हे वाक्यात कुठेच नसतं. मराठीत येताना या क्रियापदाचं कर्म गळून पडलं आणि कर्ता मात्र कायमचा स्त्रीलिंगी झाला. "जावयाने अ‍ॅडजस्ट करावं" हे वाक्य मी एवढ्या बैठकांमध्ये अजून एकदाही ऐकलेलं नाही.

आपल्या भागात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो हिशेबाचा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मिळून एक 'कोयता' म्हणतात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. हंगामाच्या शेवटी मुकादम सांगतो, "तुमची उचल मजुरीत अ‍ॅडजस्ट झाली." म्हणजे तिचे कष्ट तिने न घेतलेल्या पैशांत वळते झाले. हे वाक्य ऐकल्यावर मला सल्ला केंद्रातला अर्थ नीट कळला. तिथेही वळतंच करून घेतात. त्याचं दारूचं व्यसन, दीराचं बोलणं, हुंड्यातली राहिलेली गाडी, सगळं तिच्या खात्यावर वळतं होतं.

आपल्या आज्यांकडे यासाठी शब्द नव्हते असं नाही. सोसणं होतं, निभावणं होतं, पदरी पडलं ते पवित्र करून घेणं होतं. ते शब्द चांगले होते असं मी म्हणत नाही. त्यांनी बायकांना विहिरीपर्यंत नेलं आहे. पण 'सोस' म्हणणाऱ्याला एवढं तरी कबूल करावं लागे, की इथे सोसण्यासारखं काहीतरी आहे. अ‍ॅडजस्टमध्ये ती कबुलीही नाही. गाडीत बाकावर सरकण्याइतकी ती किरकोळ गोष्ट होऊन जाते, आणि जी सरकत नाही ती हट्टी ठरते. शिकलेल्या मुलीला तर हा शब्द जास्तच लागू पडतो. "एवढी शिकलेली, हिला अ‍ॅडजस्ट करता येत नाही?"

आता स्वतःबद्दल. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एका प्रकरणाच्या नोंदीत मी लिहिलं होतं, 'अर्जदार अ‍ॅडजस्ट करण्यास तयार, समेट झाला.' ते वाक्य माझं होतं, तिचं नव्हतं. ती फक्त गप्प बसली होती. पाच महिन्यांनी ती हाताला प्लास्टर घालून आली. तिच्या नवऱ्याच्या वकिलाने आमचीच ती नोंद तिच्यासमोर धरली : तेव्हा बाई तयार होत्या, मग आता काय झालं? मी काय उत्तर देणार होते?

हे मी आधी वाचायला हवं होतं, कारण कायद्यात ते लिहिलेलं आहे. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम १४ प्रमाणे दंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात. पण त्याच वर्षीच्या नियमांतला नियम १४ काय म्हणतो ते आपल्यापैकी फार थोड्या कार्यकर्त्यांनी पाहिलं असेल. हिंसा का केली याचं समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही आणि हे समोरच्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगायचं, असं त्यात आहे. पुन्हा असा हिंसाचार करणार नाही अशी हमी समोरच्याने द्यायची, हेही आहे. म्हणजे "भाजी खारट झाली म्हणून हात उचलला, तिने थोडं अ‍ॅडजस्ट करावं" हे वाक्य त्या खोलीत उच्चारायलाच जागा नाही. हा नियम न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांसाठी आहे हे खरं. आपल्या सतरंजीवर तो पाळायला कुणाची मनाई आहे?

गेल्या तीन महिन्यांपासून आमच्या केंद्राच्या नोंदवहीत हा शब्द लिहायचा नाही असं ठरलं आहे. बोलण्यात आला तर थांबवून विचारायचं : कुणी, काय, कधीपर्यंत? पहिल्या बैठकीत यावर हशा झाला. एक मामा म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाळा घेता का?" पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा हसू थांबलं. कारण यादी करायला बसलं की तिच्या बाजूला नोकरी सोडणं, फोन न ठेवणं, माहेरी न जाणं असं लांबत जातं, आणि त्याच्या बाजूचा कागद कोरा राहतो.

परवाच्या बैठकीत एका मुलीने स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहून दिल्या. हात उगारायचा नाही. मोबाईल माझ्याजवळ राहील. कांद्याच्या मजुरीचे पैसे माझ्या खात्यात जमा होतील. नवऱ्याने पहिल्या दोन ओळींखाली तिथेच सही केली. तिसरीसाठी त्याने पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत मागितली आहे. मुलगी तोवर माहेरीच आहे.