पैसे वजनाचे नकोत, वर्गीकरणाचे द्या



शहराचा कचरा खासगी कंपनीकडे सोपवावा की नाही, हा वाद आमच्या नेपियर टाउनात अजून रंगतो. जबलपूरपुरता तो कधीच निकालात निघाला आहे. कठौंदा येथील कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प २०१६ मध्ये खासगी भागीदारीतूनच उभा राहिला. रोज ६०० टन कचरा आणि साडेअकरा मेगावॉट वीज, ही त्याची क्षमता. महापालिकेला हे एकटीच्या बळावर झेपले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा प्रश्न कंत्राटदाराला पैसे कशाचे मोजायचे, हा आहे.

टनावर पैसे मिळणार असतील, तर ओला-सुका वेगळा ठेवण्यात त्याचा काय फायदा? मे महिन्यात एका घरातून निघणारी कलिंगडाची साले दोन-तीन किलो सहज भरतात, आणि त्यात बहुतेक पाणीच. वजनकाट्यावर त्या पाण्याचेही पैसे होतात. भट्टीत मात्र ते उडवण्यातच उष्णता खर्ची पडते. दिल्लीला तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्राने उभारलेला प्रकल्प काही दिवसांतच बंद पडला, कारण आपला कचरा नीट जळण्याजोगा नव्हता. वजन वाढवायला कचऱ्यात माती मिसळल्याच्या तक्रारी नागपुरात गाजल्या, त्याही याच हिशेबापायी.

आपल्याच राज्यात इंदूरने वेगळी वाट धरली. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्पही खासगीच आहे. पण ओला कचरा निवडलेला मिळतो, म्हणून कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बाया घरोघरी कचरा गोळा करतात. सुका माल विकून त्यांची कमाई होते, त्यामुळे तो ओल्यात मिसळू न देण्याची काळजी त्या स्वतःच घेतात.

आपणही सुटत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरीच वर्गीकरण करणे बंधनकारक केले, तरी सगळे एकाच पिशवीत बांधून देणारी घरे आमच्या गल्लीत आहेत. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: निदान ओला कचरा तरी वेगळा द्या. आणि महापालिकेने पुढच्या निविदेत निवडलेल्या कचऱ्याला जादा दर व मिसळलेल्याला कपात, अशी अट घालून प्रभागवार आकडे दरमहा जाहीर करावेत.

— एक रहिवासी, नेपियर टाउन, जबलपूर