श्रावणबाळाची कावड कोणाच्या खांद्यावर?

गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याची योजना आखताना महाराष्ट्र शासनाने तिला नाव दिले श्रावणबाळाचे. सार्वजनिक तिजोरीतून द्यावयाच्या पैशालाही पुत्रधर्माचे नाव! वृद्धांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य, शासन देते ती कृपा, हा भाव त्या बारशातच उघड झाला आहे. कृपेचे मापही पाहण्यासारखे आहे. ६० ते ७९ वर्षांच्या दरिद्री वृद्धाच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०११ पासून महिना २०० रुपयांवर थिजलेला आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ सालचा कायदा हीच भाषा अधिक कठोरपणे बोलतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. परंतु दीडशे निर्धन वृद्धांना सामावणारे निदान एक निवासगृह प्रत्येक जिल्ह्यात काढण्याचा प्रश्न येताच हाच कायदा मवाळ होतो. राज्य सरकार ते काढू 'शकेल', एवढेच तो म्हणतो. मुलाने केलेच पाहिजे, शासनाला जमले तर पाहता येईल!

प्रत्यक्षात ही कावड मुलाच्याही खांद्यावर नसते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री ते काम करून पन्नाशीची सून पहाटे बारावीतल्या मुलीचा डबा भरते आणि नोकरीची बस गाठते. परगावचा दीर महिन्याला थोडे पैसे आणि दररोज फोनवरून सूचना पाठवतो. (पुराणातल्या श्रावणाला मुलांच्या शिकवणीची फी भरावयाची नव्हती, हेही लक्षात ठेवलेले बरे.) पहिले काही महिने माया पुरते. मग जागरणाने शब्दाला धार येते, भावाभावांत हिशेब निघतात, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले त्या म्हाताऱ्याला आपण ओझे झालो हे कळून चुकते. समाज निदान करतो, संस्कार कमी पडले! समुपदेशक सांगतात, मन प्रसन्न ठेवा, स्वतःसाठी वेळ काढा. तो काढावा कोठून? २०२४ च्या केंद्रीय कालवापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील मुलाबाळांची वा आजारी-वृद्धांची देखभाल करतात, त्याही दिवसाला सरासरी १४० मिनिटे. पुरुष २१.४ टक्के आणि मिनिटे ७४. स्वयंपाक-धुणे यांत धरलेले नाही.

हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. तीच शुश्रूषा पगारी बाईने केली की मोजली जाते. घरकामवालीशी मालकाने लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगूने शंभर वर्षांपूर्वीच दाखविली होती. विसंगती टिकून राहिली, कारण ती सोयीची आहे. फुकट मिळणाऱ्या मायेसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांचे विमा-छत्र मिळाले, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी. घरी परतल्यावर येणारी वर्षे पुन्हा सुनेच्याच खात्यावर.

उजव्यांचे कुटुंबगौरवाचे गोडवे यावरच पोसले आहेत. परंतु समाजवादी चळवळीनेही ताठ मानेने बोलावे अशी स्थिती नाही. पूर्णवेळ कार्यकर्ता आंदोलनात असताना त्याच्या आईचे पथ्यपाणी कोणी सांभाळले, याची नोंद चळवळीच्या कोणत्या इतिहासात आहे?

ज्यांना परवडते ते आयाबाई ठेवतात आणि ती बाई स्वतःच्या आंधळ्या सासूला शेजारणीच्या भरवशावर टाकून बारा तासांच्या पाळीवर येते. तेव्हा मागणी वरच्या वर्गाच्या सोयीची राहता कामा नये. नगरपालिका व जिल्हा परिषदांनी वॉर्डावॉर्डांत, गावागावांत वृद्धांसाठी दिवसाची केंद्रे चालवावीत. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या सेविका नेमाव्यात, त्याही आशाताईंसारख्या मानधनाच्या नावाखाली राबवून नव्हे, वेतनश्रेणीवर. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. आई-वडिलांच्या व सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी अशी रजा असावी, आणि ती पुरुषांनाही असावी. पक्षाच्या कामगार संघटनांनी पुढील वेतन-वाटाघाटींच्या मागणीपत्रात हे कलम महागाई भत्त्याच्या शेजारी घालावे.